काँक्रीट ओतण्याआधी खाली कॅमेरा सोडा

मुंबईकरांनो, तुमच्या घरासमोरचा रस्ता सिमेंट काँक्रीटचा होणार असेल तर त्याआधी एक मागणी करा, आणि ती लेखी करा. रस्त्याखालची मलवाहिनी आणि पर्जन्य जलवाहिनी आधी कॅमेऱ्याने आतून तपासा, कमकुवत असेल तिथे आतून अस्तर द्या, मगच वर काँक्रीट ओता.

घाई करण्याचे कारण सरळ आहे. महापालिकेने सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचे काम हाती घेतले. त्यातले बरेच झाले, पण सगळे झालेले नाही. खड्डे नसलेले रस्ते ही आपलीच जुनी मागणी होती आणि ती योग्यच होती. पण काँक्रीटचा रस्ता पंचवीस-तीस वर्षे टिकावा या हिशेबाने बांधतात. त्याच्या पोटात शंभर-सव्वाशे वर्षांची विटांची कमान असेल, तर ती आणखी तेवढा काळ तग धरेल का, हा प्रश्न काँक्रीट पडण्याआधीच विचारायला हवा. नंतर त्याचे उत्तर महागात पडते.

मुंबईच्या जुन्या शहरभागाखाली काय आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १८६०च्या दशकात आर्थर क्रॉफर्ड महापालिकेचे आयुक्त असताना सांडपाण्याच्या निचऱ्याचा प्रश्न पहिल्यांदा नेटाने हाती घेतला गेला. पालिकेचे अभियंता कॅप्टन हेक्टर टुलॉक यांनी त्यावर सविस्तर अहवाल लिहिले. १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि नव्या रस्त्यांसोबत त्यांखालची गटारेही आली. त्या पिढीने विटा आणि चुन्यात बांधलेले कमानी नाले आणि अंडाकृती मलवाहिन्या आजही पाणी वाहून नेत आहेत. अंडाकृती आकार मोठ्या विचाराने निवडलेला होता. निमुळते टोक खाली असल्याने पाणी थोडे असले तरी त्याची खोली आणि वेग टिकतो आणि गाळ साचत नाही. त्या कारागिरांनी आणि मजुरांनी आपल्याला चार पिढ्या पुरेल असे काम करून दिले. आता पाचवी पिढी त्याच कामावर फुकट जगते आहे.

विटांची वाहिनी एका दिवसात कोसळत नाही. आधी सांध्यांतला चुना झिजतो. कमानीच्या माथ्यावरची एखादी वीट सैल होते, मग गळून पडते. त्या फटीतून बाहेरचे भूजल आत येते आणि येताना बारीक माती घेऊन येते. मुंबईत हे जास्त वेगाने होते, कारण हे शहर सात बेटांमधल्या खाड्या बुजवून उभे राहिले आहे. अनेक ठिकाणी वाहिनीच्या भोवती भरावच आहे. शिवाय किनाऱ्याजवळच्या भागांत भरती-ओहोटीबरोबर वाहिनीतले आणि भूजलाचे पाणी रोज वरखाली होते आणि प्रत्येक वेळी सांध्यांतून थोडी माती ओढली जाते. ती माती नाल्यातून समुद्राला मिळते. वाहिनीच्या वर मात्र एक पोकळी तयार होते, आणि ती हळूहळू रस्त्याकडे चढत जाते.

ज्या मुद्द्यासाठी हे सगळे लिहितो आहे, तो इथे येतो. वर डांबरी रस्ता असेल तर पोकळी वाढताना रस्ता आधी दबतो. मॅनहोलच्या शेजारी बशीसारखा खोलगट भाग दिसू लागतो, दुचाकीस्वार शिव्या घालतात, कोणीतरी तक्रार करते, खोदून पाहिले जाते. डांबर आपल्याला सावध करते. काँक्रीटचा जाड थर मात्र पोकळीवर पूल होऊन उभा राहतो. खालची माती वाहून गेली तरी वर बराच काळ काही दिसत नाही. आणि ज्या दिवशी पोकळी थराला पेलवेनाशी होते, त्या दिवशी रस्ता एकदम खाली जातो, त्यावर जे असेल त्यासह. खालची वाहिनी न तपासता वर काँक्रीट घालणे म्हणजे धोक्याची सूचना देणारी एकमेव व्यवस्था आपण स्वतःच बंद करणे आहे.

विटांच्या वाहिन्याच म्हाताऱ्या झाल्या आहेत, काँक्रीटच्या नळ्या अजून तरुण आहेत, असे समजू नका. सांडपाणी साचून राहिले, त्यातला प्राणवायू संपला, की हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. कुजक्या अंड्याचा वास येतो तोच. हा वायू नळीच्या ओलसर माथ्यावर जमतो, तिथले जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल सिमेंट खाऊन टाकते. म्हणून काँक्रीटची मलवाहिनी पाण्याखाली शाबूत आणि माथ्यावर पोखरलेली असू शकते. २८ जानेवारी २०२५ रोजी जपानमध्ये साइतामा प्रांतातल्या याशिओ शहरात एका चौकातला रस्ता खचला आणि एक ट्रक चालकासह आत गेला. खाली सुमारे १० मीटर खोलीवर पावणेपाच मीटर व्यासाची मलवाहिनी फुटलेली होती. ती १९८३ साली टाकलेली, म्हणजे जेमतेम बेचाळीस वर्षांची. खड्डा दिवसागणिक वाढत गेला. बचाव पथकांना आत उतरता यावे म्हणून १२ लाख लोकांना आंघोळ आणि कपडे धुणे कमी करा, असे सांगावे लागले. चालकाचा मृतदेह मे महिन्यात हाती लागला. देखभालीत जगाने ज्याचा दाखला द्यावा, त्या देशात हे घडले.

आणि जिथे रस्ता खचत नाही तिथेही आपण किंमत मोजतच असतो. मुंबईत पाणी ठरावीक वेळेलाच येते. पाणी बंद झाले की जलवाहिनीतला दाब जातो. शेजारची मलवाहिनी गळकी असेल तर भोवतालच्या जमिनीत मुरलेले सांडपाणी जलवाहिनीच्या एखाद्या बारीक भोकातून आत शिरते. दुसऱ्या दिवशी नळाला येणारे पहिले पाणी गढूळ असते, वास मारते. गॅस्ट्रो आणि काविळीच्या साथी कोणत्या गल्ल्यांत वारंवार येतात, हे त्या गल्ल्यांतल्या डॉक्टरांना विचारा. आपण जलवाहिनी बदला म्हणून मोर्चा नेतो. शेजारच्या मलवाहिनीचे नाव क्वचितच घेतो.

मग जुनी वाहिनी उकरून नवी का टाकत नाही? जिथे शक्य आहे तिथे जरूर टाकावी. पण काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव, डोंगरी, भायखळा इथल्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणा. मलवाहिनी कित्येक ठिकाणी चार-पाच मीटर खोल आहे. तिच्यावर पाण्याच्या, गॅसच्या नळ्या आहेत, विजेच्या आणि फोनच्या केबली आहेत. दोन्ही बाजूंना जुन्या उपकरप्राप्त (सेस) इमारती, त्यांचे पाये उथळ. अशा गल्लीत खोल चर खणायचा, त्यात येणारे भूजल उपसायचे, म्हणजे शेजारच्या पायाखालची मातीच हलवायची. दुकानदाराचा मोसम जातो, रुग्णवाहिका आत येत नाही, आणि पावसाळ्यात खोदाई बंद ठेवावी लागत असल्याने कामाला मिळतात ते आठ महिने. या हिशेबाने चर खणून जुन्या शहराच्या वाहिन्या बदलायला अनेक दशके लागतील. तेवढी वर्षे त्या वाहिन्यांकडे उरलेली नाहीत.

चर न खणता वाहिनी आतून नवी करण्याची विद्या जगात पन्नास वर्षांहून जुनी आहे. १९७१ साली लंडनमध्ये एरिक वूड या अभियंत्याने विटांच्या एका जुन्या मलवाहिनीत पहिल्यांदा ती वापरली. पद्धत अशी: वाहिनीच्या मापाची नमद्यासारख्या कापडाची लांब नळी शिवतात आणि ती रेझिनमध्ये भिजवतात. मग मॅनहोलमधून पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने, पायमोजा उलटा करावा तशी, ती आत उलगडत नेतात. उलगडताना रेझिनची ओली बाजू बाहेर येते आणि जुन्या भिंतीला चिकटते. मग आत गरम पाणी किंवा वाफ खेळवून, किंवा अतिनील दिव्यांची माळ ओढून रेझिन कडक करतात. जुन्या वाहिनीच्या आत सांधा नसलेली नवी वाहिनी तयार होते. घराघरांच्या जोडण्या अस्तराने झाकल्या जातात, त्या एक छोटा यंत्रमानव आतूनच कापून मोकळ्या करतो. शेवटी पुन्हा कॅमेरा फिरवून सगळे नीट झाले का ते पाहतात. एका मॅनहोलपासून दुसऱ्या मॅनहोलपर्यंतचा टप्पा लांबी-व्यासानुसार एक-दोन दिवसांत होऊ शकतो. हे अस्तर किमान पन्नास वर्षे टिकावे अशा बेताने त्याची जाडी ठरवतात.

माणूस आत उभा राहू शकेल एवढ्या मोठ्या वाहिन्यांसाठी काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचे, ठेकेदारांच्या भाषेत जीआरपीचे, तयार तुकडे उतरवून जोडतात आणि जुनी भिंत व नवे अस्तर यांच्यामधली जागा ग्राउटने, म्हणजे पातळ मसाल्याने, भरून घेतात. कोलकात्याने आपल्या शतकभर जुन्या विटांच्या मोठ्या मलवाहिन्या अशाच वाचवल्या. मोठ्या नाल्यांत आतून मजबूत गिलाव्याचा फवारा मारण्याची रीत आहे, आणि लहान नळी पारच गेली असेल तर ती आतून फोडत तिच्या जागी नवी नळी ओढून घेता येते. मुंबईलाही हे सगळे परके नाही. पालिकेने काही जुन्या मलवाहिन्यांना अस्तर दिलेले आहे. सँडहर्स्ट रोड परिसरात रेल्वेने रूळ न उखडता सूक्ष्म बोगदा खणून रुळांखालून पावसाळी पाण्याचे नळे नेले आहेत. तंत्र आहे, ते वापरणारे हात आहेत. उणीव आहे ती एका नियमाची: तपासणी आणि अस्तर आधी, काँक्रीट नंतर.

या पद्धतीच्या मर्यादा तुम्हाला माहीत असाव्यात, नाहीतर कोणीतरी भलतीच आश्वासने देईल. अस्तराने वाहिनी मोठी होत नाही. आतून गुळगुळीत झाल्याने पाणी वेगाने वाहते, म्हणून व्यास थोडा कमी होऊनही क्षमता साधारण टिकते, पण ती दुप्पट होत नाही. मुंबईचे जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेले होते. १९८५च्या पुरानंतर मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावर तयार झालेल्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ साली ही क्षमता ५० मिलिमीटरवर नेण्यास सांगितले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या गरजेसाठी रुंद नाले, उदंचन (पंपिंग) केंद्रे, हिंदमाता परिसरासाठी बांधल्या तशा साठवण टाक्या आणि मोकळी पातमुखे लागतातच. अस्तर त्याला पर्याय नाही. तसेच वाहिनीचा उतार चुकला असेल किंवा ती आधीच ढासळली असेल, तर तेवढा भाग खणावाच लागतो. आणि नेमकी हीच घाईची दुसरी बाजू आहे: अस्तर उभ्या वाहिनीलाच देता येते. कमान पडेपर्यंत थांबलो तर हा मार्ग आपल्या हातून जातो.

काम सुरू असताना काही प्रकारच्या रेझिनचा उग्र वास येतो. तो घरात शिरू नये म्हणून न्हाणीघरातल्या गाळण्यांच्या सापळ्यात पाणी भरून ठेवायला रहिवाशांना आधी सांगितले पाहिजे, आणि कामासाठी वापरलेले गरम पाणी थेट नाल्यात सोडता कामा नये. ठेकेदार हे करतो आहे का, यावर नजर ठेवणे हा तुमचा हक्क आहे. अस्तराचा नमुना कापून प्रयोगशाळेत त्याची जाडी आणि ताकद तपासली का, हेही विचारा. अस्तर वाहिनीत गेल्यावर बाहेरून कोणालाच दिसत नाही, म्हणून निकृष्ट काम लपवणे इथे सोपे आहे.

आता, सगळ्यात आधी ज्यांचा विचार व्हायला हवा, त्या सफाई कामगारांबद्दल. संरक्षक साधनांशिवाय सफाईसाठी गटारात माणूस उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचे आदेश दिले. तरीही माणसे मरत आहेत, आणि ती कोणत्या वस्त्यांतली असतात हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. वाहिनी तुंबते कारण तिच्यात विटा पडलेल्या असतात, झाडांची मुळे शिरलेली असतात, माती भरलेली असते. तुंबली की कोणीतरी ठेकेदार पाचशे-हजार रुपये देऊन कोणाला तरी खाली उतरवतो. आतून गुळगुळीत, सांधे नसलेली वाहिनी कमी तुंबते, आणि जेव्हा तुंबते तेव्हा यंत्राने साफ होते. म्हणून वाहिनीची दुरुस्ती हा माझ्या लेखी रस्त्यापेक्षाही माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. मोठ्या वाहिनीत अस्तराच्या कामासाठी माणसाला आत जावे लागलेच, तर आधी प्रवाह पूर्ण वळवलेला असावा, वायूची तपासणी झालेली असावी, हवा खेळती असावी, श्वसनयंत्र आणि वर ओढून घेण्याची सोय असावी. यातले काही दिसत नसेल तर काम थांबवायला सांगा. विनासाधन माणूस उतरताना दिसला तर १४४२० या क्रमांकावर तत्काळ कळवा. तुमच्या सोसायटीच्या चेंबरमध्येही कोणालाही उतरवू नका, कितीही घाई असली तरी.

आपल्या आवारातही बरेच करण्यासारखे आहे. मुंबईत पावसाचे पाणी आणि सांडपाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. पण अनेक इमारतींनी गच्चीचे पन्हळ मलवाहिनीला जोडलेले असते, आणि अनेकांचे सांडपाणी ढाप्यांतून, म्हणजे रस्त्याकडेच्या झाकलेल्या गटारांतून, पावसाळी नाल्यात जाते. पावसाळ्यात मलवाहिनी फुगते ती याचमुळे, आणि तिच्या जुन्या सांध्यांवर दाब येतो तोही याचमुळे. सोसायटीने प्लंबरकडून जोडण्या तपासून घ्याव्यात. इमारतीपासून रस्त्यापर्यंतची जोडनळीही जुनीच असते. पालिकेने मुख्य वाहिनीला अस्तर दिले आणि तुमची नळी गळत राहिली, तर माती पुन्हा वाहू लागेल. हॉटेलवाल्यांनी तेल-तूप सिंकमध्ये सोडू नये, ग्रीस अडवणारी टाकी बसवून ती नियमित उपसावी. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स यांची जागा कचऱ्याच्या डब्यात आहे.

केबल आणि गॅस कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनाही हात जोडून सांगतो, नाल्याच्या कमानीला भोक पाडून आपली नळी नेऊ नका. मुंबईच्या नाल्यांत आडव्या गेलेल्या नळ्या आणि केबली आहेत, त्यांना कचरा अडकतो, आणि पाडलेल्या प्रत्येक भोकाशी कमान कमजोर होते.

पाणी साचले म्हणून मॅनहोलचे झाकण कोणी उघडू नये. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात प्रभादेवी भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडून शहराने एक नामवंत डॉक्टर गमावला. त्यानंतर झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवण्याचे काम सुरू झाले. तुमच्या गल्लीत जाळी नसेल तर तीही मागा. फुटपाथ खचताना दिसला, पाऊस थांबून बराच वेळ झाल्यावरही गटारात गढूळ पाणी खळाळत राहिले, मॅनहोलच्या भोवतीची फरशी हलू लागली, उंदरांची बिळे एकाएकी वाढली, नळाला वास येऊ लागला, तर १९१६वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

महापालिकेला माझे सांगणे असे. गटारे बांधणे, राखणे आणि साफ ठेवणे हे १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने तुमचे बंधनकारक कर्तव्य आहे. शहरात मलप्रक्रियेची सात नवी केंद्रे उभी राहत आहेत, दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची. हा मोठा आणि आवश्यक खर्च आहे. पण सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचायचे ते याच जुन्या वाहिन्यांतून. सांध्यांतून भूजल आणि समुद्राचे पाणी आत येत राहिले तर ती केंद्रे खारे पाणी शुद्ध करत बसतील. प्रत्येक काँक्रीट रस्त्याच्या निविदेतच वाहिनीची तपासणी, अस्तराची तरतूद आणि त्या कामाचे चित्रीकरण यांचा समावेश करा, आणि ते चित्रीकरण विभाग कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाका. जिथे काँक्रीट आधीच पडले आहे तिथेही मॅनहोल आहेत. तिथूनही कॅमेरा आत जातो, अस्तरही देता येते. ते रस्ते सोडून देऊ नका.

कामाच्या रात्री प्रवाह वळवण्यासाठी रस्त्यावर पंप चालतील, दोन रात्री झोप मोडेल. रहिवाशांनी तेवढे सोसावे, आणि त्या दोन दिवसांत पाणी बेताने वापरावे, ही विनंती.

आता अर्जाचे. विभाग कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावे पत्र द्या, पोच घ्या. पत्रात एवढेच विचारा: आमच्या रस्त्याखालच्या मलवाहिनीचे आणि पर्जन्य जलवाहिनीचे बांधकाम कोणत्या साली झाले, आतून कॅमेऱ्याने शेवटची तपासणी केव्हा झाली, तिचा अहवाल काय सांगतो, आणि काँक्रीटीकरणाआधी कोणती दुरुस्ती होणार आहे. पत्राची प्रत लोकप्रतिनिधींना द्या. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली हेच चार प्रश्न जन माहिती अधिकाऱ्याकडे पाठवा. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा, सोबत दहा रुपयांचे शुल्क जोडावे. उत्तर देण्यास तीस दिवसांची मुदत असते. रस्त्याच्या कामाचा फलक लागण्याची वाट पाहू नका. फलक लागेपर्यंत निविदा निघालेली असते. तुमचा रस्ता अजून डांबरी असेल तर अर्ज याच आठवड्यात टाका.